तिसरा चेंडू विसरा: न्यूमोनियातून उठताना या चुका टाळा

स्पायरोमीटर, म्हणजे नळीतून श्वास ओढून तीन चेंडू उचलायचं फुफ्फुसाच्या व्यायामाचं यंत्र, हातात आला की वॉर्डात शर्यतच लागते. शेजारच्या खाटेवरच्याने तिन्ही चेंडू उचलले ना, मग आपणही उचलायचेच. पेशंट हिसका देऊन हवा ओढतो, चेंडू टणकन वर आपटून खाली येतात आणि भोवतीचे नातेवाईक खूश. त्या श्वासाचा फुफ्फुसाच्या तळाला फारसा उपयोग होत नाही. चेंडूंजवळ लिहिलेले ६००, ९०० आणि १२०० हे आकडे हवेच्या वेगाचे, म्हणजे सेकंदाला किती मिलिलिटर याचे. आत एकूण किती हवा गेली ते त्यावरून कळत नाही. हिसक्याने मान आणि खांदे राबतात. तळाचे मिटलेले वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, उघडायचे तर हवा सावकाश, तुडुंब भरावी लागते आणि क्षणभर आत थांबावी लागते.

म्हणून ताठ बसा. यंत्र डोळ्यांसमोर सरळ धरा, तिरपं धरलं की चेंडू फुकटात चढतात. आधी श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि हळू ओढत पहिला चेंडू दोन-तीन सेकंद वरच तरंगत ठेवा. तो सहज जमला की दुसरा. जागेपणी तासाला दहा श्वास पुरेत, तेही सलग नकोत. तीन-चार झाले की थांबा, नाहीतर गरगरतं. हट्टी पेशंटच्या तिसऱ्या चेंडूवर सरळ चिकटपट्टी लावावी. आणि हो, यंत्र ओढायचं आहे, फुंकायचं नाही. फुंकून ‘बिघडलंय’ म्हणणारे रोज भेटतात.

फुगे, शंख, कपालभाती डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंद. आजाराने फुफ्फुसात पोकळ्या झाल्या असतील तर दाबाने त्या फुटू शकतात.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: ‘दोन मिनिटांत संडासला जाऊन येतो.’ प्रसंग ठरलेला असतो. पेशंट उशीला टेकलेला, ऑक्सिजन दोन लिटरवर, बोटावरच्या यंत्रात रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के. नाकातली नळी काढून उशीवर ठेवतो, दहा-बारा पावलं चालतो, आतून कडी लावतो, उकिडवा बसतो आणि कुंथतो. श्वास रोखलेला, मांड्या पोटावर दाबलेल्या, त्यामुळे छाती-पोटामधल्या पडद्याला खाली सरकायला जागा नाही. उठायची वेळ येते तेव्हा पाय साथ देत नाहीत. आयसीयूतल्या दहा दिवसांत मांडीचा स्नायू १८ टक्क्यांच्या आसपास आटू शकतो, तिथे उकिडव्यावरून उठणं म्हणजे डोंगर. बाहेरून मुलगा विचारतो, ‘बाबा, झालं का?’ आतून उत्तर नाही. वॉर्डातल्या मामांनी दार ढकलून बाहेर काढेपर्यंत ओठ निळसर, यंत्रावर ७८. मग नातेवाईक म्हणतात, ‘आत्ता तर ९५ होतं!’ होतं, पण ऑक्सिजनवर टेकून बसलेल्या माणसाचं.

नळी काढायचीच नाही. लांब नळी किंवा छोटा सिलिंडर मागा. तेही नसेल तर खाटेशेजारी कमोडची खुर्ची घ्या. लाज चार दिवसांची असते. कडी लावू नका. उठण्याआधी पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसा, घोटे वीसेक वेळा वर-खाली करा. शौचाला कडक होत असेल तर सिस्टरना सांगा, कुंथत बसू नका.

खरा आकडा हालचालीनंतरचा. एक मिनिट खुर्चीतून उठ-बस करा, पहिल्यांदा फिजिओ समोर असतानाच. थांबल्यावरही बोट मिनिटभर यंत्रात राहू द्या, कारण आकडा बरेचदा थांबल्यानंतर उतरतो. ४ किंवा जास्त अंकांनी उतरला तर डॉक्टरांच्या कानावर घाला. मेंदी, नेलपॉलिश, गारठलेलं बोट असेल तर आकड्यावर विसंबू नका.

व्हेंटिलेटरवरून आलेल्याला पाणी पिताना ठसका लागला किंवा आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा झाला तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत घोटही नको.

नुसती पेज आणि नारळपाणी देऊन स्नायू भरत नाहीत. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

घरी आल्यावरची घाई वेगळीच. सोमवारी बरं वाटलं म्हणून अर्धा किलोमीटर चालायचं आणि बुधवारपर्यंत अंथरुणात पडायचं. त्यापेक्षा पाच-पाच मिनिटं दोनदा चाला. दमाला स्वतःच दहापैकी आकडा द्या, तो तीन-चारच्या वर जाऊ नये आणि चालता चालता एक वाक्य पुरं बोलता यावं. जिना चढताना पाऊल उचलताना श्वास सोडा. सहा आठवड्यांत खोकला आणि दम बराच ओसरतो, थकवा तीन महिनेही रेंगाळतो. पण एकच पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर व्यायाम सोडून थेट दवाखाना गाठा, ती रक्ताची गाठ असू शकते.

सहा आठवड्यांनंतरचा एक्स-रे ‘आता बरंय की’ म्हणून चुकवू नका. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर मुळीच नाही, न्यूमोनियाच्या डागाआड कॅन्सरची गाठ दडलेली नाही ना हे तेव्हाच पाहतात.