बेस ट्रॅप बसवण्यापूर्वीची तयारी

बेस ट्रॅप म्हणजे खोलीत घुमणारे खर्जातले स्वर शोषून घेणारे पॅनेल. त्यांचे सामान आणण्याआधी खोलीची लांबी, रुंदी आणि उंची नीट मोजून लिहून ठेवावी. ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटरला, यातील प्रत्येक मापाच्या दुपटीने भागले की त्या दिशेला खोली सर्वांत आधी कोणत्या वारंवारतेला घुमेल ते कळते. ४ मीटर लांबीसाठी हे उत्तर सुमारे ४३ हर्ट्झ येते. मग स्पीकर व बसण्याची जागा निश्चित करावी. बसण्याची जागा लांबीच्या बरोबर मध्यावर नसावी, कारण लांबीचा पहिला अनुनाद, म्हणजे वर काढलेल्या वारंवारतेचे घुमणे, तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही आणि ही उणीव ट्रॅप लावून पूर्ण भरून निघत नाही. ऐकताना कान असतील तिथे मायक्रोफोन ठेवून २० ते ३०० हर्ट्झपर्यंत कोणत्या वारंवारतेला आवाज किती येतो याचे मोजमाप घ्यावे व मायक्रोफोनची जागा जमिनीवर चिकटपट्टीने खुणावून त्याची उंचीही टिपावी.

जाडीचा निर्णय घाईने घेऊ नये. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. ट्रॅपमध्ये भरायची रॉकवूल किंवा ग्लासवूल, म्हणजे दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर, हवेच्या कणांची हालचाल घर्षणाने रोखते. परंतु भिंतीलगत दाब सर्वाधिक असला तरी हालचाल जवळपास शून्य असते, आणि ती कमाल होते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे १०० हर्ट्झसाठी सुमारे ८६ सेंटिमीटरवर. भिंतीला चिकटवलेला ५ सेंटिमीटरचा फोम खर्जातल्या स्वरांना का आवरू शकत नाही, हे यावरून ध्यानात यावे. माझ्या मते १० सेंटिमीटर जाडी आणि मागे तेवढीच मोकळी हवा ही किमान तयारी होय. ६० सेंटिमीटर रुंदीचा पॅनेल कोपऱ्यात तिरका लावल्यास मागे मध्यभागी ३० सेंटिमीटर पोकळी आपोआप मिळते. तीही भरायची असेल तर हलक्या घनतेची लोकर घ्यावी, कारण फार दाट लोकरीत लहर खोलवर शिरत नाही. वरचे कापड तोंडाला लावून फुंकून पाहावे. हवा आरपार गेली पाहिजे.

जागा ठरवताना प्रथम दोन भिंती व छत मिळतात ते कोपरे धरावेत, कारण खोलीच्या प्रत्येक अनुनादाचा दाब तिथे कमाल असतो. त्यानंतर उभे कोपरे, मग पाठीमागची भिंत. दरवाज्यामुळे उभा कोपरा अडत असेल, तर भिंत व छत यांची कड तितकीच उपयोगी असते, आणि उभ्या, छताच्या व जमिनीच्या मिळून एकूण १२ कडा खोलीत असतात, हे पुष्कळदा विसरले जाते.

लोकर कापताना मास्क व हातमोजे हवेतच. पहिले दोन ट्रॅप बसले की खुणेच्या जागी पुन्हा मोजमाप घ्यावे आणि केवळ शिखरांची उंची न पाहता प्रत्येक स्वर विरायला किती वेळ लागतो तेही ताडून पाहावे. ५० हर्ट्झच्या खालचा एखादाच स्वर तरीही रेंगाळत असेल, तर लोकर वाढवत न बसता त्याच वारंवारतेसाठी बेतलेल्या पडद्याच्या ट्रॅपचा, म्हणजे ताणलेला पडदा कंप पावून आवाज शोषतो अशा ट्रॅपचा, विचार करावा.