मागायच्या आधी देऊ नका

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. काही लेकरं आईबापासंगं कोयत्यावर जातात, काही आज्जीजवळ राहतात. मी एकोणीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. दर हिवाळ्यात एखादी आज्जी नातवाला कडेवर घेऊन येते अन् म्हणते, "बाई, लेकरू बोलंना गेलंय. जीभ जड हाय का बगा." त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी वय धरून बघा. वर्षाच्या आसपास एखाद-दुसरा शब्द यावा, दीड वर्षाला दहाएक. दोन वर्षांचं लेकरू पन्नासेक शब्द बोलतं आणि "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडतं. तीन वर्षांच्या लेकराचं बहुतेक बोलणं बाहेरच्या माणसालाही कळतं. महिना-दोन महिने मागंपुढं चालतं. काकडीला "ताताडी", रिक्षाला "लिक्षा" म्हणत असेल तर काळजी नको, काही आवाज, त्यातही र आणि ळ, यायला वेळ लागतो. त्याला चिडवू नका, आपण शब्द नीट म्हणायचा.

मागच्या वर्षी अडीच वर्षांचा एक नातू होता. नुसतं "उं उं" करून बोट दाखवायचा. आज्जीची माया एवढी, की बोट उठायच्या आत वस्तू त्याच्या हातात. स्वयंपाकाच्या वेळी समोर मोबाइल. मी एका सकाळी चुलीपाशी जाऊन बसले. "मावशी, मोबाइल आत ठेवा, अन् हाताला जे काम आहे ते तोंडानं सांगा." परातीत पीठ घेतलं की "पीठ". पाणी ओतलं की "पाणी". थापताना "थप थप थप". भाकर फुगली की "फुगली!" पोरगं टक लावून बघत होतं. मग भाकरीचा तुकडा आज्जीच्या हातात तसाच धरायला लावला. लेकराच्या डोळ्यांत बघायचं, भुवया उचलायच्या, मनात दहा मोजायचे, तोंडानं काहीच बोलायचं नाही. आज्जीचा जीव खालीवर होत होता. सात-आठ मोजून झाले असतील, पोरगं म्हणालं, "भा."

"भा" आला की तुकडा लगेच द्यायचा आणि म्हणायचं, "भाकर! गरम भाकर!" "नीट म्हण, भाकर म्हण" असं अडवायचं नाही. दहा मोजूनही काही आलं नाही, तर शब्द आपण म्हणायचा आणि तुकडा द्यायचा. लेकराला उपाशी ठेवून बोलतं करायचं नसतं. या थांबण्याला लई ताकद आहे आणि तेच आपल्याला सगळ्यात अवघड जातं.

शब्द यायला लागले की त्याच्या बोलण्यात आपला एकेक शब्द घालायचा. ते "गाय" म्हणालं तर आपण "गाय आली". ते "गाय आली" म्हणालं तर "गाय कडबा खाते". "हे काय? ते काय?" अशी परीक्षा दिवसभर घेऊ नका, लेकरू गप्प होतं.

दोन वर्षांच्या आत मोबाइल नकोच. दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या वर नको, जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये तेच सांगितलंय. कोयत्यावरच्या आईशी व्हिडिओ कॉल मात्र जरूर लावा. आईलाही सांगा, विचारल्यावर थोडं थांब.

वेखंड चाटवल्यानं कुणी बोलायला लागलेलं मी पाहिलेलं नाही. तांड्यावरच्या आया विचारतात, घरात गोरमाटी, म्हणजे आपली बंजारा बोली, बंद करू का? अजिबात नको. दोन भाषांनी बोलणं अडत नाही, दोन्हीकडचे शब्द मिळून मोजा.

आता कानाचं अन् तपासणीचं. वर्षाचं लेकरू नावानं हाक मारली तरी बघत नाही, बोटानं दाखवत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांला दोन शब्द जुळत नाहीत, कान वाहतो, किंवा आलेले शब्द गेले, मग ते कुठल्याही वयात. यातलं एक जरी असलं तर वाट बघू नका. पाठीमागं थाळी वाजवून खात्री करू नका, लेकरू सावली बघून, हादरा जाणवूनही वळतं. आमच्या एका पोरीला असंच थाळीवर "ऐकू येतं" ठरवलं होतं, "बाप पण उशिरा बोलला" म्हणून वर्ष घालवलं. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचं निघालं. यंत्र बसलं, पण ते वर्ष परत आलं नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तोवर थांबायची गरज नाही. सेविकेला सांगा, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राची, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी मागा. कानाची बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रानं बघणं, लेकरू झोपेत असताना करतात. म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा आणि बीडच्या एसटीत डोळा लागू देऊ नका. दूध, दुपटं जवळ ठेवा. तिथं पोचल्यावर मांडीवर झोपू द्या.