कार बाजारात गाडी कमिशनवर विकायला लावताना

जुनी मोटार ओळखीत विकता येते, कार बाजारवाल्याला रोख भावाने देऊन टाकता येते किंवा त्याच्या जागेत ती कमिशनवर विकायला लावता येते. या शेवटच्या पद्धतीला हल्ली ‘पार्क अँड सेल’ म्हणतात. तिच्यात भाव बरा येतो, कारण व्यापाऱ्याचे भांडवल अडकत नाही आणि गाडी पडून राहण्याचा धोका तो किमतीतून वजा करत नाही. तो धोका तुमच्याकडेच राहतो. गाडी त्याच्या जागेत, किल्ली त्याच्या ताब्यात आणि आरसीवर नाव मात्र तुमचे, अशी ही व्यवस्था असल्यामुळे भावाच्या घासाघिशीआधी कागद पक्का करावा. आरसीवरचे नाव बदललेले नसताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

म्हणून व्यापाऱ्याला पहिला प्रश्न अधिकारपत्राचा विचारावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बदलानुसार १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी आरटीओच्या अधिकारपत्राची तरतूद झाली आहे. अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना नमुना २९ सी भरून सूचना दिली, की त्या काळापुरता तोच गाडीचा मालक मानला जातो, आणि चाचणी, प्रात्यक्षिक, दुरुस्ती किंवा रंगकाम यांखेरीज त्याला ती रस्त्यावर आणता येत नाही. अधिकारपत्र नसलेल्या माणसाकडेही लोक गाड्या लावतातच. तेथे सारी भिस्त करारनाम्यावर राहते.

कमिशन ठरवण्याच्या दोन रीती रूढ आहेत. ‘मला हातात एवढे द्या, वरचे तुमचे’ ही पहिली. ती सोपी वाटते, पण गाडी नेमकी कितीला गेली हे तुम्हाला कळत नाही, आणि वरच्या पैशांच्या आशेने व्यापारी भाव चढा सांगत राहिला तर गाडी महिनोन्‌महिने उन्हात उभी राहते. दुसरी टक्केवारीची. तिच्यातली गोम अशी, की २ टक्के दराने व्यापाऱ्याला दहा हजार जास्त आणण्याचे फक्त २०० रुपये मिळतात. तेव्हा आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला गाडी देऊन टाका, असा सल्ला तो देणारच. माझ्या मते दोन्हींचा मेळ घालावा: समजा ४ लाख हा किमान भाव ठरला, तर तेवढ्यापर्यंत ठरावीक रक्कम आणि त्यावर मिळालेल्या पैशांतला चौथा हिस्सा व्यापाऱ्याचा. शेवटचा भाव खरेदीदाराने स्वतः सही केलेल्या पावतीवरच ग्राह्य धरला जाईल, हे वाक्य करारनाम्यात असलेच पाहिजे.

करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावा. त्यात मुदत (४५ दिवस पुरेत), किमान भाव, कमिशन, धुलाई-पॉलिशचा खर्च कोणी करायचा आणि मुदतीनंतर गाडी कोणतीही वजावट न करता परत मिळेल, हे स्पष्ट लिहावे. गाडी देतेवेळी मीटरवरच्या किलोमीटरचा, चारही टायरांवरच्या क्रमांकांचा, बॅटरीवरच्या क्रमांकाचा, स्टेपनी, जॅक आणि पान्यांचा फोटो काढून त्याची यादी करावी आणि तिच्यावर व्यापाऱ्याची तारीख-वेळेसह सही घ्यावी. दुसरी किल्ली आणि मूळ आरसी घरीच ठेवावी. दाखवायला झेरॉक्स पुरते. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर, खरेदीदाराचे नाव भरल्याशिवाय सही करू नये. ‘तुम्हाला परत हेलपाटा नको’ या गोड कारणाखाली ही सही मागितली जाते आणि तिच्या जोरावर गाडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते, आरसीवरचे नाव न बदलता.

गाडी लावण्याआधी थकीत ई-चलने भरावीत, पीयूसी काढावी, आणि नोंदणी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसवून घ्यावी. कर्ज फिटले असले तरी आरसीवर बोजा तसाच असतो. बँकेची एनओसी आणि नमुना ३५ देऊन तो उतरवावा लागतो. खरेदीदार बेळगाव किंवा विजापूरचा निघाला, तर आरटीओची एनओसीही लागेल.

सांगलीच्या गाडीला एक प्रश्न हमखास विचारला जातो: २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात ती कुठे होती? जाणता गिऱ्हाईक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधतो, गालिचा उचलून सीटच्या खिळी गंजल्या आहेत का ते पाहतो आणि स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवतो. गाडीला पाणी लागले असेल तर ते सांगून विकावे. लागले नसेल तर त्या वर्षांची सर्व्हिसची बिले फाइलमध्ये लावून ठेवावीत. मंडईत काय चालले आहे याचाही भावावर परिणाम होतो. पितृपक्षात गिऱ्हाईक जवळजवळ नसते, दसरा-पाडव्याला असते, आणि कराड-वाळव्याकडे उसाची बिले जमा झाली, की आठवड्यात विचारणा वाढते.

सौदा ठरला, की इसार बँक खात्यावर घ्यावा आणि उरलेली रक्कमही खात्यावरच, तीही खरेदीदाराकडून थेट तुमच्या खात्यात, व्यापाऱ्यामार्फत नको. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याला मंजूर नाही. पूर्ण पैसे जमा झाल्यावर तारीख, वेळ, खरेदीदाराचा पत्ता आणि आधारची प्रत असलेली ताबा पावती करूनच किल्ली द्यावी, कारण समजा सायंकाळी पाचला ताबा दिला, तर पाचनंतरचे चलन कोणाच्या माथी, हे ठरवायला तीच उपयोगी पडते. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास मूळ मालकाने १४ दिवसांत नमुना २९ आरटीओला द्यायचा असतो. हे काम खरेदीदारावर किंवा एजंटावर सोपवू नये, आणि पोच जपून ठेवावी.

फास्टॅग बंद करावा, नाहीतर आनेवाडी-तासवडेचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही. कंपनीकडून त्याचे पत्र घेतले, तर ३ वर्षांपर्यंत तो नव्या गाडीला लावता येतो. कमिशनचा निम्मा भाग ताबा देताना द्यावा, आणि उरलेला परिवहन पोर्टलवर खरेदीदाराचे नाव दिसल्यानंतर, ही अटही करारनाम्यातच घालून ठेवावी.