सेल्फ मारताना स्पार्क होता, तिथेच फसले

चावी फिरवली की पहिल्या फटक्यात इंजिन सुरू. चावी सोडली की ठप्प. एका जुन्या कार्बोरेटरवाल्या पिकअपने असे माझे अकरा दिवस खाल्ले. उत्तर या दोन ओळींतच होतं, पण तेव्हा मला ते दिसलं नाही. आठवलं की अजून कान गरम होतात.

हवा, पेट्रोल, स्पार्क हे त्रिकूट तुम्हाला पाठ असेलच, त्यावर वेळ घालवत नाही. माझा पाय कुठे घसरला ते मात्र सविस्तर सांगते.

पहिल्याच दिवशी मी एक प्लग काढला, वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि सोबतच्या मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. टकटकीत निळा स्पार्क. वहीत लिहिलं, ‘इग्निशन ओके’. त्यानंतर इग्निशनकडे मी वळूनही पाहिलं नाही. फिल्टर बदलला. पंप बदलला. व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जायचं भोक, चोंदला असेल म्हणून टाकीचं झाकण सैल ठेवून पाहिलं. कार्बोरेटर दोनदा उघडला, फ्लोटची पातळी मोजली, जेट फुंकले. गाडी जशीच्या तशी.

अकराव्या दिवशी उस्तादांनी हात न लावता विचारलं, “स्पार्क बघितलास तेव्हा चावी कुठं होती?”

चावी स्टार्टवर, म्हणजे सेल्फ फिरवायच्या जागी होती. आणि गाडी मरत होती ती चावी सोडून रनवर, म्हणजे गाडी चालतानाच्या जागी, परत आल्यावर. म्हणजे गाडी ज्या अवस्थेत मरत होती, ती अवस्था मी एकदाही तपासलीच नव्हती.

इथे घाई करू नका, नीट समजून घ्या. जुन्या इग्निशनमध्ये स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवते ती कॉइल, आणि तिचा करंट जोडतात-तोडतात ते पॉइंट. अशा इग्निशनमध्ये कॉइलपर्यंत करंट पोहोचायला बहुतेक वेळा दोन वाटा असतात. इंजिन चालू असताना तो बॅलास्ट रेझिस्टर नावाच्या, करंटला अडवणाऱ्या भागातून, व्होल्टेज उतरवून जातो, नाहीतर पॉइंट आणि कॉइल दोन्ही लवकर जळतील. पण सेल्फ फिरत असताना बॅटरीच दमलेली असते, बारावरून दहा व्होल्टच्या आसपास उतरते. त्यात रेझिस्टर मध्ये आला तर स्पार्क लुळा पडेल. म्हणून तेवढ्यापुरती दुसरी वाट, रेझिस्टरला वळसा घालून थेट कॉइलवर. आता वळशाची वाट शाबूत आणि रेझिस्टर आतून तुटलेला, तर काय होईल? सेल्फ मारताना स्पार्क झकास, इंजिन पेटणार, आणि चावी सोडली त्याच क्षणी दिवे गेल्यासारखं बंद.

तपासायला साधा टेस्ट लॅम्प पुरतो. क्लिप अर्थला, टोक कॉइलच्या प्लसला. स्टार्टवर दिवा लागला आणि चावी सोडताच विझला, तर वाट सापडली. मग टोक रेझिस्टरच्या आधीच्या बाजूला लावा. तिथे रनवर दिवा आहे आणि पलीकडे नाही, तर रेझिस्टर गेला. दोन्हीकडे नाही, तर इग्निशन स्विचचा रनचा कॉन्टॅक्ट झिजलाय किंवा मधला कनेक्टर सैल आहे. हा रेझिस्टर काही गाड्यांत फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, पांढरा चिनीमातीचा ठोकळा म्हणून दिसतो, काहींत ठोकळाच नसतो, हार्नेसमधली, म्हणजे वायरींच्या जुडग्यातली, एक वायरच रेझिस्टरचं काम करते. ती साधी वायर समजून बदलू नका. आणि इंजिन चालू असताना रेझिस्टरच्या त्या ठोकळ्याला बोट लावू नका, फोड येतो. माझ्या बोटावर आला होता.

खात्रीसाठी मी बॅटरीपासून कॉइलच्या प्लसला एक वायर टाकली. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. आनंदात चावी बंद केली, तर इंजिन बंदच होईना! साहजिकच होतं, चावीला बगल मीच दिली होती. ती वायर आधी कशी ओढून काढायची ते ठरवा, मग लावा. अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवू नका.

तुमची गाडी अशीच मरत असेल असं नाही, घाबरून जाऊ नका. कशी मरते ते ऐकायला शिका. कचकन बंद झाली तर आधी करंटचा संशय घ्या. खोकत, गचके देत विझली तर पेट्रोलचा. ऍक्सिलरेटरवर पाय ठेवला की चालते आणि काढला की बंद, तर कुठेतरी हवा ओढतेय किंवा आयडलची वाट कार्बनने भरलीय. गरम झाल्यावर मरते, अर्ध्या तासाने गार झाली की पुन्हा चालते, तर कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल (नंतरच्या गाड्यांत पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) पाहा. इंजेक्शनवाल्या गाडीत पंप चावी टाकल्यावर दोनेक सेकंद चालून थांबतो, पुढे त्याला चालू ठेवणारा सर्किट गेला असेल तर तेवढ्या प्रेशरवर ती पेटते आणि मरते. सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद आणि डॅशवर सिक्युरिटीचा दिवा लुकलुकतोय, तर चोरी रोखणारी यंत्रणाच इंजिन बंद करत असेल, इंजिन खोलूच नका.

फ्युएल प्रेशर मोजाल तर गेज बांधून ठेवा आणि गाडी मरताना काटा बघा. आकडाही त्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. मेकॅनिकल पंपाच्या कार्बोरेटरला चार ते सात पीएसआय (प्रेशरचं माप) पुरे होतात, थ्रॉटल बॉडीवाल्यांत, म्हणजे हवेच्या तोंडाशीच पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांत, बऱ्याच जणींना नऊ ते तेराच्या आसपास लागतात. पण दहा पीएसआयवर पोर्ट इंजेक्शनचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरजवळ वेगळं पेट्रोल फवारणारं, इंजिन उपाशी मरतं.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर फार भिस्त ठेवू नका. अमेरिकेतसुद्धा ओबीडी-२, म्हणजे स्कॅनर जोडायची ठरलेली एकसारखी पद्धत, सगळ्या कार आणि हलक्या ट्रकना सक्तीचं झालं ते १९९६ च्या मॉडेलपासून, त्याआधीच्या बऱ्याच गाड्या तुमच्या यंत्राशी बोलणारच नाहीत. आणि ‘हा पार्ट बदलून बघू’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मीही तेच करत होते, म्हणून सांगते. हातातला पाना हिसकावून स्वतः काम उरकणारा उस्तादही मला बिनकामाचा वाटतो. गाडी दुरुस्त होते, तुम्ही तसेच राहता. चावी कुठं होती, एवढंच विचारणारा भेटला तर त्याला सोडू नका.

रेझिस्टर बदलायला दहा मिनिटं लागली. पण मी दोनदा उघडलेल्या कार्बोरेटरचं गॅस्केट तोवर गळायला लागलं होतं, त्यात आणखी दोन दिवस गेले.