नळाचं पाणी मीटरपासून माठापर्यंत कसं तपासावं

गेल्या पावसाळ्यात नागपुरातल्या आमच्या आठ फ्लॅटच्या स्कीममध्ये तीन घरी कावीळ निघाली. त्यातल्या एका घरची सून सात महिन्यांची गरोदर होती. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सगळ्या स्कीमच्या पायाखालची जमीन सरकली. त्याआधी दोन आठवडे तळमजल्यावरच्या काकू सांगत होत्या, "पाणी वास मारून राहिलं जी." कोणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. सून बरी झाली, बाळही सुखरूप आहे. पण त्या महिन्यात जे शिकलो ते प्रत्येक लेआउटमध्ये, प्रत्येक छोट्या वस्तीत कोणीतरी एकाने तरी शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आमचा पहिला समज असा होता की शहरातूनच खराब पाणी येतंय. मीटरपाशी तपासलं तर तिथलं पाणी व्यवस्थित निघालं. ते बिघडत होतं आमच्या फाटकाच्या आत, शेवटच्या पन्नास फुटांत.

आधी पाण्याची वाट कागदावर काढा

नवेगाव खैरीच्या धरणातून येणारं पेंच नदीचं पाणी गोरेवाडा आणि गोधनीच्या जलशुद्धीकरण केंद्रांत जातं. कन्हान नदीचं पाणी वेगळ्या केंद्रात शुद्ध होतं. तिथे तुरटी घालून गाळ खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. पुढे पाइपांतून, जलकुंभांतून मैलोन्‌मैल प्रवास करताना त्यात थोडं क्लोरीन शिल्लक राहावं लागतं. वाटेत जंतू शिरलेच तर त्यांना मारायला एवढा एकच राखणदार पाण्यासोबत असतो.

तुमच्या हद्दीतली वाट मात्र तुम्हालाच शोधायची आहे. मुख्य लाइनला जोडणी कुठे आहे, सर्व्हिस लाइन नालीतून जाते का, मीटर, जमिनीखालची टाकी, मोटर, गच्चीवरची टाकी आणि तिथून प्रत्येक स्वयंपाकघर, असा नकाशा काढा. त्याच कागदावर गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, आणि तिचे चेंबर वेगळ्या रंगाने दाखवा. दोन्ही रेघा जिथे जवळ येतात किंवा एकमेकींना छेदतात तिथे गोल करा. आमच्या कागदावर खालच्या टाकीपासून चार फुटांवर चेंबर होतं. दहा वर्षं रोज त्यावरून गाड्या काढत होतो, कधी लक्षच गेलं नव्हतं.

तीन ठिकाणी, एकाच वेळी क्लोरीन पाहा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि पाच मिनिटांत होतं. तपासणीचा छोटा संच प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. ग्रामपंचायतीत ज्याला ओटी म्हणतात ते ऑर्थोटोलिडीनचं द्रावण पाण्यात टाकलं की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. डीपीडी नावाच्या दुसऱ्या रसायनाच्या संचात गुलाबी रंग येतो. मिळत असेल तर डीपीडीच घ्या, कारण ओटीचं द्रावण शरीराला घातक मानलं जातं. दोन्हींपैकी काहीही वापरलं तरी तपासलेलं पाणी लगेच फेकून द्यायचं, हात धुवायचे आणि संच मुलांच्या हाती लागेल असा ठेवायचा नाही.

नळ दोन मिनिटं वाहू द्या. रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यात क्लोरीन तसंही कमी असतं आणि त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो. मग काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, सांगितलेले थेंब किंवा गोळी टाका, हलवा आणि रंग संचातल्या पट्टीशी जुळवा. ओटी असेल तर पहिल्या दहा सेकंदांतला रंगच धरा, नंतर गडद होत जाणारा रंग मोजू नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असायला हवं.

नमुने तीन घ्या. एक मीटरजवळच्या थेट नळाचा, एक गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा, आणि एक स्वयंपाकघरातला, म्हणजे जे पाणी आपण माठात भरतो त्याचा.

मीटरपाशी रंग आला आणि टाकीच्या नळाला आला नाही, तर दोष टाक्यांमध्ये आहे किंवा पाणी टाकीत फार वेळ पडून राहतंय. टाकीच्या नळाला रंग आहे पण स्वयंपाकघरात नाही, तर आतला पाइप किंवा फिल्टर बघा. मीटरपाशीच रंग नसेल तर शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन तपासा. त्यांच्याकडेही शून्य निघालं तर बिघाड बाहेरच्या लाइनमध्ये आहे, आणि आता तुमच्या तक्रारीला पुरावा आहे.

मे महिन्यात ही तपासणी सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा करा. उन्हात तापलेल्या टाकीत क्लोरीन भराभर उडून जातं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी पिवळा रंग देणारी आमची टाकी संध्याकाळी कोरी निघाली होती. टाकीवर सावली केली आणि दिवसभराला पुरेल एवढंच पाणी चढवायला लागलो, तेव्हा फरक पडला.

टाकीला तडा आहे का, हे रात्रीतून कळतं

रात्री खालची टाकी पूर्ण भरा. येणारा नळ आणि मोटर दोन्ही बंद करा. आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने खूण करा, झाकण लावा आणि झोपा. सकाळी पातळी खाली गेलेली दिसली तर टाकी गळते आहे. ज्या फटीतून पाणी बाहेर जातं त्याच फटीतून टाकी रिकामी असताना बाहेरचं पाणी आत येतं. पावसाळ्यात आजूबाजूची माती ओली असते आणि चेंबर तुंबलेलं असतं, तेव्हा तर हमखास. आमची पातळी रात्रीत अडीच इंच उतरली होती.

तडा गेलेल्या टाकीला वरवर सिमेंट फासून चालत नाही. टाकी रिकामी करून, वाळवून, आतून जलरोधक गिलावा करावा लागतो. चेंबरही दुरुस्त करून घ्या. टाकीचं झाकण जमिनीपेक्षा किमान अर्धा फूट उंच करा, म्हणजे अंगण धुतलेलं पाणी आत जाणार नाही.

मोटर, कूलर आणि मागे ओढलं जाणारं पाणी

लाइनला थेट टिल्लू पंप लावणं हा गुन्हा तर आहेच. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की पंप पाणी ओढतो तेव्हा पाइपातला दाब उणे होतो, आणि जिथे जिथे सांधा सैल असेल तिथून नालीतलं पाणी आत खेचलं जातं. ते फक्त तुमच्या घरी येत नाही, शेजाऱ्यांच्याही घरी जातं.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरची. उन्हाळ्यात कूलर भरायला नळाला पाइप लावतो आणि त्याचं तोंड कूलरच्या पाण्यात बुडवून ठेवतो. तेवढ्यात लाइनचा दाब गेला की कूलरमधलं शेवाळलेलं पाणी पाइपातून मागे लाइनमध्ये जातं. बादलीचं आणि गाडी धुण्याच्या टबाचंही तसंच. पाइपाचं तोंड पाण्याच्या वर, हवेत ठेवायचं, एवढं केलं की हा धोका संपतो. लेआउटमधल्या प्रत्येक घरी हे जाऊन सांगा. फलक लावून लोक वाचत नाहीत, वहिनींना आणि आजोबांना समोर करून दाखवलं की लक्षात राहतं.

टाकी धुणं

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. मोटरचा मेन स्विच बंद करा. खालच्या टाकीचं झाकण काही तास आधी उघडून ठेवा आणि माणूस आत उतरला की दुसरा माणूस वर थांबलाच पाहिजे. आत ब्लीचिंग पावडर टाकून मग कोणाला उतरवू नका. ब्लीचिंगसोबत संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर कधीच नको, त्यातून विषारी वायू निघतो.

ब्रशने घासून, गाळ काढून टाकी भरा. निर्जंतुक करण्यासाठी १,००० लिटरमागे साधारण २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते, त्यात २५ टक्के क्लोरीन आहे असं धरून. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. मग घरातला एकेक नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत वाहू द्या आणि बंद करा, म्हणजे पाइपही धुतले जातात. रात्रभर तसंच ठेवा. हे पाणी कोणीही प्यायचं नाही, हे आदल्या दिवशी प्रत्येक दारी सांगा. सकाळी सगळं काढून टाका, दोनदा ताजं पाणी भरून सोडा, क्लोरीन तपासा आणि मगच वापरा.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी टाकीत घेत असाल तर रोजचं प्रमाण अगदी कमी असतं, १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम चांगली पावडर. अंदाजाने चिमूट टाकू नका, काट्यावर तोला. किमान अर्धा तास थांबा आणि पुन्हा रंग पाहा. उघडी राहिलेली, दमट पावडर मेलेली असते. मग ती कितीही टाकली तरी रंग येत नाही.

प्रयोगशाळेत कधी जायचं

घरात कावीळ, टायफॉइड किंवा हगवणीचे दोन-तीन रुग्ण एकाच वेळी निघाले, टाकीची मोठी दुरुस्ती झाली किंवा बोअरचं पाणी पिण्यात असेल, तर जंतूंची तपासणी करून घ्या. नागपुरात प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार, नायट्रेट, फ्लोराइड तपासायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. आधी फोन करून वेळ विचारा आणि निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या. ती आतून धुवू नका. क्लोरीनचा परिणाम थांबवणारं औषध तिच्यात घातलेलं असतं. नळाचं तोंड स्वच्छ पुसा, पाणी वाहू द्या, बाटली काठोकाठ न भरता थोडी जागा ठेवा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही नसावा, असं मानक सांगतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही, हे बोअरवाल्यांनी ध्यानात ठेवावं, विशेषतः घरात तान्हं बाळ वरच्या दुधावर असेल तर.

अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खदखदा उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. झाकून थंड करा आणि माठातून ओगराळ्याने काढा, हात बुडवून नाही.

इथे आरओबद्दल थोडं सांगायलाच हवं. विक्रेता घरी येतो, टीडीएस मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि घाबरवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू किती आहेत हे ते मीटर सांगत नाही. काही जण पाण्यात दोन कांड्या घालून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालेलं दाखवतात. तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. मानकाप्रमाणे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला समजतात, आणि त्याहून कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितलं होतं. आरओ बरंच पाणी वाया घालवतो आणि क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे त्याच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार उरत नाही. बोअरचं पाणी खरंच खारं असेल तर घ्या, नळाच्या पाण्यासाठी घेण्याआधी टीडीएस स्वतः मोजा.

तक्रार कशी लिहावी

"पाणी घाण येते" एवढ्यावर कोणी कुठे खणावं हे कळत नाही. तारीख, नळ सुटण्याची वेळ, घाण पहिली दहा मिनिटंच येते की शेवटपर्यंत, वास कसला, किती घरांना त्रास, मीटरपाशी क्लोरीन किती, आणि जवळचं गडरचं चेंबर तुंबलं आहे का, हे लिहा. पहिली काही मिनिटंच घाण येत असेल तर पाइप रिकामा असताना जवळपास कुठेतरी आत पाणी शिरतंय, आणि खणणाऱ्याला त्याने दिशा मिळते. पाण्याचा फोटो पांढऱ्या बादलीत काढा. महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात लेखी द्या, तक्रार क्रमांक घ्या आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडा.

आमच्याकडे आता मीटरच्या पेटीत एक वही असते. दर रविवारी पाळीने एका घरचं माणूस तिन्ही नळ तपासून तारीख, वेळ आणि आकडे लिहितं. पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा. कुठल्याही नळाला दोनदा लागोपाठ शून्य आलं की त्याच दिवशी सगळ्या घरांना पाणी उकळायला सांगायचं आणि रात्री टाकीवर खडूची खूण करायची.