व्हर्च्युअल पियानो आणि पेटी मोनोत का हरवतात? स्टिरिओ फेजच्या या चुका टाळा

कोल्हापुरात घरच्या स्टुडिओत तयार झालेलं गाणं शेवटी कुठे वाजणार आहे, याचा विचार मिक्सला बसण्याआधीच करायला हवा. अंबाबाईचं गाणं महाद्वार रोडवरच्या दुकानात एका स्पीकरवर लागतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेचं गाणं डोंगरावर भोंग्यातून ऐकू येतं, मंडळाचं गाणं मिरवणुकीत, आणि बाकी सगळं मोबाईलवर. यातलं बरंचसं ऐकणं मोनो असतं, किंवा डावा-उजवा स्पीकर इतके चिकटून असतात की मोनोच म्हणायचं. अरेंजर मात्र कानाला हेडफोन लावून ऐसपैस स्टिरिओत काम करत असतो. तिथे भरदार वाटलेला पियानो भोंग्यावर पातळ होतो, स्ट्रिंग्ज मागे पडतात आणि कधी कधी पेटी ऐकूच येत नाही. दोष स्पीकरवाल्याला दिला जातो. तो बहुतेक वेळा त्याचा नसतो.

मोनो म्हणजे डावं अधिक उजवं, भागिले दोन. दोन्हीकडे हुबेहूब सारखा असलेला आवाज, म्हणजे मधोमध ठेवलेला गळा, यातून जसाच्या तसा बाहेर पडतो. दोन बाजूंचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर तो आवाज साधारण ३ डेसिबल खाली येतो, आणि तेवढं चालतं. पण डावीकडे लाट वर असताना उजवीकडे ती खाली असेल तर दोन्ही एकमेकांना खातात. लाटांच्या या आपसातल्या जुळणीलाच फेज म्हणतात. पूर्ण उलट असतील तर शून्य उरतं. म्हणजे मोनोत गाणं नुसतं अरुंद होत नाही, गायक आणि वाद्यं यांचा तोलच बदलतो.

व्हर्च्युअल वाद्यांत, म्हणजे संगणकावर सॉफ्टवेअरमधून वाजणाऱ्या वाद्यांत, हे जास्त का होतं? कारण ती एकटी वाजवल्यावर छाप पाडावीत अशीच बनवलेली असतात. सॅम्पल लायब्ररीत, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांच्या संग्रहात, तीन-चार माइक पोझिशन मिसळलेल्या असतात, सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक रीतीने आवाज घडवणाऱ्या वाद्याच्या) प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंगमध्ये, कोरस, युनिसन आणि वायडनर या आवाज जाड किंवा रुंद करणाऱ्या सोयी आधीच चालू असतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: पियानोचा प्रीसेट जसाच्या तसा वापरणं

ग्रँड पियानो बहुधा एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन माइकनी रेकॉर्ड केलेला असतो. प्रत्येक तारेचं या दोन माइकपासूनचं अंतर वेगळं असतं. मधला सा म्हणून जी पट्टी आपण पांढरी एक धरतो, तिची वारंवारता सुमारे २६१.६ हर्ट्झ. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला तर तिची लाट १.३१ मीटर लांब भरते. दोन माइकपर्यंतच्या अंतरात ६५ सेंटिमीटरच्या आसपास फरक पडला की त्या स्वराचा मूळ सूर मोनोत उलटा बसतो आणि गळतो. शेजारच्या पट्टीची तार वेगळ्या जागी असते आणि तिची लाटही वेगळ्या लांबीची असते, त्यामुळे ती पट्टी ठणठणीत वाजते.

हे स्वतः करून बघा. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, मोनो चालू करा, सगळ्या स्वरांची व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) सारखी ठेवा, समजा ८०, आणि दोन सप्तकं एकेक पट्टी वर चढत जा. मग मोनो बंद करून तेच पुन्हा ऐका. काही पट्ट्या मोनोत दबलेल्या आढळतील. आता त्या प्रीसेटवर तुमच्या गाण्याची चाल वाजवा. चालीतला न्यासाचा स्वर, म्हणजे जिथे ओळ थांबते तो, नेमका दबलेल्या पट्टीवर येत असेल, तर भोंग्यावर ओळीचा शेवटच पडणार.

इथे लोक इक्यू (ठराविक वारंवारता कमी-जास्त करणारं साधन) उघडतात आणि तीच वारंवारता वर करतात. त्याने काही होत नाही. इक्यू डाव्या-उजव्याला सारखंच वाढवतो, आणि दोन सारख्या वाढलेल्या उलट लाटा तितक्याच इमानाने एकमेकांना खातात. उलट स्टिरिओत तो स्वर बोचायला लागतो. दुरुस्ती उगमापाशीच करायची. आधी लायब्ररीतच एखादी मोनो किंवा जवळ-जवळ ठेवलेल्या माइकची पोझिशन आहे का ते पाहा. नसेल तर गळ्यामागे वाजणाऱ्या पियानोसाठी सरळ फक्त डावा किंवा फक्त उजवा चॅनेल घ्या आणि तो मधोमध ठेवा. दोघांची बेरीज करायची नाही, एकच निवडायचा. जो माइक खर्जाच्या तारांजवळ आहे त्याचा आवाज भरीव असतो, भक्तिगीतात तो चांगला बसतो. रुंदी हवीच असेल तर ती त्यावर स्टिरिओ रिव्हर्ब (घुमारा) देऊन मिळवा. रिव्हर्बच्या दोन बाजू एकमेकींशी फारशा जुळत नाहीत, त्यामुळे मोनोत शेपूट थोडी कमी होते, वाद्य जात नाही.

पेटीच्या सॅम्पलनाही हाच नियम. ढोलकी-तबल्याच्या लायब्ररीत आणखी एक गोष्ट तपासा: धुमाची किंवा डग्ग्याची बाजू एकाच चॅनेलमध्ये कोंबलेली असते का. ती मध्यावर आणा.

सगळे माइक एकदम चालू करणं

ड्रम लायब्ररीच्या मिक्सरमध्ये क्लोज (ड्रमजवळचा माइक), ओव्हरहेड (वरून टांगलेला), रूम (खोलीचा आवाज घेणारा) असे फेडर दिसले की सगळे वर करायचा मोह होतो. ओव्हरहेड माइक स्नेअरपासून एक मीटर जास्त लांब असेल तर त्यात आवाज जवळपास ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि क्लोज माइकशी मिसळताना पहिला खड्डा १७० हर्ट्झच्या आसपास पडतो. स्नेअरचं अंग तिथेच असतं. आधी ओव्हरहेड एकटा ऐका, मग क्लोज हळूहळू वर आणा, आणि क्लोजची पोलॅरिटी उलटून, म्हणजे लाटेची वरची बाजू खाली करून, बघा. ज्या स्थितीत आवाज जाड होतो ती ठेवा. हलगी आणि ढोलाचे दोन वेगवेगळे सॅम्पल थर लावून वाजवतानाही हेच. फरक थोडा असेल तर एका थराला काही सॅम्पल मागे-पुढे सरकवा; इथे सॅम्पल म्हणजे डिजिटल आवाजातला एक मोजबिंदू. ४८ किलोहर्ट्झवर ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद.

स्टिरिओ ट्रॅकवर फेजचं बटण दाबून बसणं

शून्यावर तिरपी रेघ असलेलं ते बटण पोलॅरिटी उलटतं, वेळ बदलत नाही. त्यातही स्टिरिओ ट्रॅकवर ते डावं-उजवं दोन्ही एकदम उलटतं. दोघांचं आपसातलं नातं होतं तसंच राहतं, म्हणजे मोनोतला तुमचा त्रास तसूभरही कमी होत नाही. ते बटण एका ट्रॅकचं दुसऱ्या ट्रॅकशी जुळवताना कामाचं. एकाच वाद्याच्या आत गडबड असेल तर फक्त एक बाजू उलटवणारं साधन लागतं: संगीत सॉफ्टवेअरपैकी लॉजिकमधलं गेन, एबलटनमधलं युटिलिटी. आणि एक बाजू उलटवल्यावर मोनोत वाद्य परत आलं तर समजा प्रीसेटमध्येच कुणीतरी उलटवून रुंदी आणली होती. माझं मत विचाराल तर असा प्रीसेट सोडून द्यावा.

एका ट्रॅकचे ओढूनताणून दोन करणं

मोनो पेटीची प्रत काढायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि एकीला १२ मिलिसेकंद उशीर. हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात मांडलेल्या परिणामावर ही युक्ती उभी आहे: काही मिलिसेकंद उशिरा आलेली प्रत कानाला वेगळा प्रतिध्वनी वाटत नाही, पहिल्या आवाजातच मिसळते. हेडफोनवर पेटी एकदम पसरते. मोनोत मात्र ४२, १२५, २०८ हर्ट्झ असे दर ८३ हर्ट्झवर खड्डे पडत जातात आणि पेटी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते.

नुसतं मिडी (कोणता स्वर कधी वाजवायचा याची नोंद) कॉपी करून दुसऱ्या ट्रॅकवर तोच प्रीसेट लावणंही निरुपयोगी. तेच सॅम्पल तसेच वाजले की दोन टोकांना पॅन करूनही आवाज मध्येच येतो, फक्त मोठा होतो. दोन पेट्या हव्या असतील तर दुसरी खरोखर वाजवा. वेळ नसेल तर प्रतीचं मिडी अर्धा स्वर वर न्या आणि त्या वाद्याचं ट्यूनिंग तितकंच खाली आणा. लायब्ररीत प्रत्येक पट्टीचा स्वतंत्र सॅम्पल असेल तर सूर तोच राहून शेजारचा सॅम्पल वाजतो, आणि दोन बाजूंत खरा फरक येतो.

सिंथ बास रुंद ठेवणं

बासच्या प्रीसेटमध्ये युनिसन, म्हणजे एका स्वरामागे वाजणाऱ्या आवाजांची संख्या, एकवर आणा, कोरस बंद करा, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवा. प्रत्येक नोटेला आवाज कमी-जास्त होत असेल तर सिंथमधले ऑसिलेटर (मूळ लाट तयार करणारे भाग) मोकळे फिरत असतात, दर नोटेला लाट वेगळ्या जागेवरून सुरू होते. दर नोटेला लाट पहिल्यापासून सुरू करणारं रिट्रिगर चालू करा, आणि जमलेला टेक लगेच ऑडिओत बाउन्स करा (ऑडिओ फाईल म्हणून काढून ठेवा), कारण पुढच्या वेळी तो तसाच येईल याची खात्री नाही.

मीटर आहे म्हणून कानांना सुट्टी देणं

कोरिलेशन मीटर डावं-उजवं किती जुळतं हे अधिक १ (हुबेहूब सारखं) ते उणे १ (पूर्ण उलट) असं दाखवतो. मास्टरवर तो अधिक ०.७ दाखवतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. मधोमध असलेला मोठा गळा आणि बास काटा वर ओढून धरतात, आणि त्यामागे पेटी उणे ०.५ वर असू शकते. मीटर एकेका वाद्याच्या ट्रॅकवर लावून, ते सोलो करून पाहा. व्हॉक्सेंगो कंपनीचं स्पॅन हे प्लगिन फुकट मिळतं, त्यात हा मीटर आहे. त्यांचंच कोरिलोमीटर वारंवारतेच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत कोरिलेशन दाखवतं, त्यामुळे गडबड खर्जात आहे की वर हे कळतं. काटा क्षणभर खाली जाऊन आला तर हरकत नाही. तो खालीच मुक्काम करत असेल तर थांबा.

मोनो तपासण्याची रीतही नीट हवी. उजवा स्पीकर बंद करून ऐकलं म्हणजे मोनो नव्हे, तो नुसता डावा चॅनेल झाला. आधी मास्टरवर मोनो करा, मगच एक स्पीकर बंद करा आणि आवाज हळू ठेवून ऐका. फेडर याच अवस्थेत लावले तर स्टिरिओत परत गेल्यावर फारसं हलवावं लागत नाही.

स्टेजवरची वायर

मिक्स निर्दोष असूनही कार्यक्रमात गळा गायब होतो आणि फक्त रिव्हर्ब व स्ट्रिंग्ज उरतात, असं झालं तर वायर बघा. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून स्टिरिओ पिनेची वायर मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली की तो इनपुट डाव्यातून उजवं वजा करतो. मधोमध असलेलं सगळं कटतं. स्टिरिओ जॅकमधून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी वायर घ्या आणि दोन चॅनेल वापरा.

भोंग्यासाठी किंवा मंडळासाठी गाणं देताना स्टिरिओसोबत स्वतः ऐकून तपासलेली मोनो फाईलही द्या. ती एकाच पिनेवर पुरी वाजते. आणि चुकीची वायर लागली तर तिच्यातून काहीच आवाज येणार नाही, त्यामुळे साउंडवाल्याला चूक कार्यक्रम सुरू होण्याआधीच कळेल.