अकरा थर होते, मला दोन दिसले

मी बीकॉम करून आर्किऑलॉजीला आलो, त्यामुळे पहिल्या खोदकामाला जाताना डोक्यात फक्त नाणी आणि मडकी. सरांनी पहिल्याच दिवशी ट्रेंचच्या, म्हणजे खोदलेल्या चौकोनी खड्ड्याच्या, उभ्या कडेसमोर (सेक्शन म्हणतात त्याला) बसवलं, म्हणाले सांग किती थर आहेत. मी म्हटलं दोन, वरची माती आणि खालची माती. अकरा होते.

गावाकडे काळी आणि पांढरी म्हणतात ना, काळी शेताची आणि पांढरी गावठाणाची, तर ती पांढरी उगाच होत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, पडलेल्या भिंती, चुना, शेण, हाडं सगळं मुरलेलं असतं त्यात. म्हणून तर लोक ती खत म्हणून शेतात टाकायला नेतात आणि आपल्या कितीतरी साइट्स अशाच गाडीतून गेल्यात. साइट शोधायला गेलात तर 'प्राचीन वसाहत' वगैरे विचारू नका, पांढरीचं टेकाड कुठंय विचारा.

इनामगावबद्दल नक्की वाचा, पुणे जिल्ह्यातलं घोड नदीकाठचं प्राचीन गाव, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदलेलं. तिथे आधी चौकोनी घरं आणि शेवटच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, बहुतेक गोल झोपड्या. आता झोपडी काय तीन हजार वर्षं उभी राहते का? पण खांब कुजला की त्याच्या खड्ड्यात वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते, चोपलेल्या जमिनीत नुसता गोल डाग दिसतो, तसे डाग जोडत गेलं की घर उभं राहतं.

माझा घोळ दुसऱ्या सीझनला झाला. जुन्या थरात छान रंगवलेली खापरं निघत होती, मी खुश, आणि तिसऱ्या दिवशी त्यातच प्लास्टिकचं बटण. कोणीतरी अलीकडे वरून खड्डा खणून परत भरला होता आणि मी त्याची कड न बघता थर समजून सरळ खाली गेलो, जुनं-नवं मिसळलेलं म्हणून तीन दिवसांच्या खापरांच्या सगळ्या पिशव्या बाद. तेव्हापासून आधी खड्डा शोधतो, मग थर. आणि काळ्या मातीत तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचा मणी आरामात खालच्या थरात जाऊन बसतो.

बाकी सेक्शन सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, ट्रॉवेलने (छोट्या थापीने) खरवडून हलकं पाणी मारा, रंग लगेच उठतात. रंग मुन्सेल चार्टवरून (मातीचे रंग नंबरासकट दिलेला तक्ता) लिहा, आणि माती ओली होती की कोरडी तेही लिहा नाहीतर त्या नोंदीचा काही उपयोग नाही. फोटोवर भागवू नका, हाताने ड्रॉइंग काढा, कड कुठे संपते ते काढतानाच कळतं.

आणि मजुरांशी दोस्ती करा राव. आमच्या ट्रेंचवर एक मामा होते, कुदळीच्या आवाजावरून सांगायचे, "थांब बाळा, इथं पोकळ लागतंय." त्या खड्ड्यावर पण म्हणाले होते, मीच ऐकलं नव्हतं.